पडक्या भिंतीच्या विटा, नवा संडास

भगिनींनो, अंधार पडेपर्यंत कळ सोसण्याचे दुखणे बाईलाच ठाऊक. म्हणून संडासाचे काम आपणच हाती घ्यावे. चार जणी मिळून ते होते.

पाच माणसांच्या घराला 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल असे दोन गोल खड्डे पुरतात. विहिरीपासून 15 मीटर दूर खणावेत. पडक्या भिंतीच्या शाबूत विटा आतून जाळीदार रचाव्यात. तळाला सिमेंट नको; पाणी मुरले पाहिजे. काळ्या जमिनीत विटांच्या बाहेरून फूटभर वीटतुकडे भरावेत. आडोशाला जुना पत्रा, जुने दार चालते. भांडे आणि पाणी धरून ठेवणारा कोंबडा मात्र नवाच घ्यावा, नाहीतर दुर्गंधी घरात येईल.

गवंडी म्हणेल, एकच खोल खड्डा घ्या. ऐकू नका. तो भरला की उपसायचा कोणी? दोन असले म्हणजे एक भरताच दुसरा चालू करता येतो. पहिला 2 वर्षे झाकून ठेवला की आत वास नसलेले, कोरडे खत तयार होते. ते शेतात जाईल. आपली घाण दुसऱ्याला उपसायला लावणारा संडास आपल्याला नको.