उपांत्य फेरी निरर्थक नव्हे

संपादक महाशय,

ऑलिंपिक जलतरणातील उपांत्य फेऱ्या म्हणजे निव्वळ कालापव्यय, हा आपल्या गतांकातील लेखकाचा निष्कर्ष वस्तुस्थितीस धरून नाही. मुळात ही फेरी सरसकट नाहीच; ४०० मीटर व त्याहून दीर्घ शर्यतींत प्राथमिक फेरीतील पहिले आठ जण थेट अंतिम फेरीत जातात, ही बाब त्यांनी नजरेआड केली आहे. ५०, १०० आणि २०० मीटरमध्ये मात्र, जेथे आठवा व नववा यांच्यातील अंतर पुष्कळदा शतांश सेकंदांचे असते आणि ते दोघे बहुधा निरनिराळ्या गटांत पोहलेले असतात, तेथे पहिल्या सोळांस दोन तुल्यबळ गटांत पुन्हा उतरविल्यावाचून निवाडा करणे अन्यायाचे होय. २००० पूर्वी नवव्या ते सोळाव्या क्रमांकाच्या वाट्यास ‘ब’ अंतिम फेरी येई, जीत पदकाचा मार्गच बंद असे.

उपांत्य फेरीत कोणी जीव तोडून पोहत नाही, हे लेखकाचे विधान तर सर्वस्वी चुकीचे आहे. सिडनीत २००० साली पीटर व्हान डेन होगेनबांड याने १०० मीटर मुक्तशैलीत ४७.८४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला तो उपांत्य फेरीतच. अंतिम फेरीतील सुवर्णपदक त्यास ४८.३० सेकंदांत मिळाले. अ‍ॅडम पीटीचा १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमधील ५६.८८ सेकंदांचा विक्रमही २०१९ च्या ग्वांग्जू येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीतलाच. लेखकाने आपल्या विधानाची दुरुस्ती करावी.

आपला,
एक जलतरणप्रेमी वाचक