दात पाहून बैल घेता, मग मोटार आंधळेपणाने का?

म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचा म्हटले की आपला शेतकरी किती चौकस होतो! तोंड उघडून दात मोजतो, खूर दाबून पाहतो, खांदा आणि वशिंड न्याहाळतो, बैलाला दहा पावले चालवून बघतो. सोबत गावातला एखादा जाणता म्हातारा असतोच. एवढे सगळे झाल्यावर मग कुठे रुमालाखाली बोटे धरली जातात.

तोच शेतकरी बैलाच्या कितीतरी पट पैसे मोजून नवी मुंबईहून जुनी मोटार आणतो, तेव्हा काय पाहतो? रंग चकचकीत आहे ना, सीट कव्हर नवे आहे ना, गाणी वाजतात ना. आणि शेवटी एकच प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" समोरचा म्हणतो, "वीस-बावीस कुठे गेली नाही." झाला सौदा!

पनवेल, उरण, कर्जत, पेण या भागात आज असे घर विरळा की जिथे मोटारीचा विचार झाला नाही. काहींच्या हाती जमिनीचा पैसा आला, काहींनी भाजीपाल्यावर आणि पोराच्या नोकरीवर चार पैसे गाठीला बांधले. नवी मोटार परवडत नाही, म्हणून पावले वाशी, नेरूळ, कोपरखैरण्याच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांकडे वळतात. एमएच-४३ नंबरच्या कितीतरी गाड्या आज आपल्या गावांत फिरताना दिसतात. त्यात वाईट काही नाही. पण घामाचा पैसा घालताना आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे समजून घ्यायला नको का?

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या डिझेल मोटारींत एक इंजिन फार आढळते. मूळ इटलीच्या फियाट कंपनीचे, १२४८ सीसीचे, चार सिलिंडरचे. युरोपात ते २००३ साली आले. आपल्या देशात मारुतीने ते २००७ साली स्विफ्टमध्ये बसवले, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा या गाड्यांत दिले. टाटांच्या इंडिका व्हिस्टा, मान्झा, झेस्ट आणि फियाटच्या पुंटो, लिनिया यांतही तेच. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात ते बनत असे. इतक्या गाड्यांत ते बसले की मोटारवाले त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे आज या इंजिनाची मारुतीची जी गाडी तुमच्यासमोर येईल, ती जुनीच असणार. तिचा मागचा संसार कसा झाला, यावर तुमचे पुढचे नशीब.

हे इंजिन वाईट आहे का? मुळीच नाही. नीट सांभाळले तर ते दोन लाख किलोमीटर आणि त्याहून जास्त धावते. पण ते नाजूक आहे, आणि आपल्याला डिझेल इंजिन म्हटले की विहिरीवरचे इंजिन आठवते. घोटाळा होतो तो इथेच.

जरा हिशेब करून पाहा. आपल्या परिचयाचे किर्लोस्करांचे पाच हॉर्सपॉवरचे एका सिलिंडरचे इंजिन ५५३ सीसीचे असते आणि मिनिटाला १५०० फेरे घेते. या मोटारीच्या इंजिनाचा एकेक सिलिंडर ३१२ सीसीचा, म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. पण चार सिलिंडर मिळून ताकद काढतात ती मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ७५ हॉर्सपॉवर. म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला जवळजवळ एकोणीस हॉर्सपॉवर! ज्या बैलाकडून इतके काम घ्यायचे, त्याची वैरण आणि पाणी कसे असायला पाहिजे? विहिरीवरच्या इंजिनात काळेकुट्ट ऑइल एक हंगाम जास्त चालले तरी ते बिचारे कुरकुरत नाही. मोटारीचे इंजिन मात्र त्याचा हिशेब चुकता करते.

पहिली गोष्ट टायमिंगच्या साखळीची. पिस्टन वर-खाली होतात त्याच तालात वाल्व उघडले-मिटले पाहिजेत. हा ताल राखणारी साखळी इंजिनाच्या आत असते. पट्ट्यासारखी ती ठराविक किलोमीटरनंतर बदलावी लागत नाही, म्हणून लोक तिला विसरूनच जातात. पण ही साखळी ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो. या इंजिनात ऑइल मावते सुमारे तीन लिटरच. त्यातले लिटरभर कमी झाले, किंवा दहा हजार किलोमीटरवर बदलायचे ते वीस हजारांवर गेले, की साखळी झिजते आणि सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने क्षणभर खळखळ असा आवाज येतो, ती तिची पहिली हाक. ती ऐकली नाही तर एके दिवशी साखळी दाता सोडते, ताल चुकतो आणि पिस्टन वाल्ववर आदळतो. मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट टर्बोची. हा छोटासा पंखा धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. खोपोलीचा घाट चढून आलात आणि टपरीवर चहासाठी थांबताच चावी फिरवलीत, तर ऑइल थांबते आणि तापलेला टर्बो कोरडाच फिरत राहतो. मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. चहा काही पळून जात नाही.

तिसरी गोष्ट डिझेलची. या इंजिनात डिझेल चौदाशे ते सोळाशे बार दाबाने सिलिंडरमध्ये फवारले जाते. टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, त्याच्या सहाशे-सातशे पट हा दाब! पंपाच्या आणि नोझलच्या आतल्या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात रॉकेल आले की वंगण कमी पडते, पाणी आले की गंज चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात शेतावर बॅरलमध्ये डिझेल भरून ठेवायची सवय आहे. ट्रॅक्टरने ते पचवले असेल, पण मोटारीच्या टाकीत ते चुकूनही ओतू नका. डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी मिस्त्रीकडून वेळच्या वेळी काढून घ्या. आणि पंपावर शंका आली तर गप्प बसू नका. पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा, घनता तपासून दाखवा, असे सांगण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. मागणारा कोणी नाही म्हणून ते माप धूळ खात पडते.

चौथी गोष्ट खास शहरातल्या गाडीची. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशी दोन-तीन किलोमीटर चाललेली डिझेल गाडी मीटरवर कमी दिसते, पण तिचे इंजिन नीट तापलेलेच नसते. अशा गाडीत काजळी साचते, धूर पुन्हा आत घेणारा ईजीआर वाल्व चोंदतो, गाडी ओढ धरत नाही, काळा धूर सोडते. उलट सायन-पनवेल रस्त्यावर रोज भाडे मारून दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीचे मीटर मागे फिरवून ती 'डॉक्टरची गाडी' म्हणून विकणारे महाभागही आहेत. तेव्हा मीटरवर भरवसा ठेवू नका. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट किती झिजली आहे ते बघा. तीस हजार किलोमीटरच्या गाडीचे पायरबर गुळगुळीत कसे होईल?

आता बैलाचे दात पाहायचे कसे, ते सांगतो. गाडी बघायला सकाळी जा आणि ती आधी सुरू करू नका असे कळवून ठेवा. बोनेटला हात लावा, गरम लागले तर समजा की कोणीतरी आधीच जागवून ठेवली आहे. थंड इंजिन स्वतः सुरू करा आणि खळखळ ऐका. ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण हळूच उघडा. आतून धुराचे लोट फुसफुसत असतील तर इंजिन थकले आहे. कोणाला तरी मागे उभे करून रेस द्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. शेवटी सर्व्हिसचा कागद मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून मागच्या नोंदी मिळू शकतात. नोंदी दाखवायला मालक का-कू करू लागला तर गाडी कितीही देखणी असो, पाठ फिरवा. आणि जाणता म्हातारा बैलाला नेता, तसा गावचा मिस्त्री गाडीला न्या. त्याला दिवसाची मजुरी देणे जड जाते, आणि पुढे इंजिन बांधायला दिलेली रक्कम कशी हलकी वाटते?

घरी आणल्यावरही तेच. ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेले ऑइल मोटारीत ओतायचे नाही, पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घालायचे. रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी भरायचे नाही, आत खपल्या धरतात आणि इंजिन तापते.

ग्रामसेवक, तलाठी आणि सरपंच मंडळींनाही दोन शब्द. ग्रामपंचायतीची घंटागाडी असो, टँकर असो की आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, इंजिनाचा न्याय सगळीकडे सारखाच. लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल इमानेइतबारे लिहिले जाते. पण ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी बदलला, हा रकाना किती ठिकाणी भरलेला असतो? मासिक सभेत वाहनाच्या दुरुस्तीचे बिल मंजूर करताना एकदा विचारून तर बघा. बाळंतीण घेऊन निघालेली गाडी रात्री दोन वाजता रस्त्यात बंद पडली, तर तिथे तीन लिटर ऑइलचे वाचवलेले पैसे कोणाच्या कामाचे?

आणखी एक मागणी आहे. आपल्या तालुक्यातली पोरे आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. पण या नव्या तऱ्हेच्या इंजिनाचे दुखणे संगणकाची वायर जोडून शोधावे लागते. ती यंत्रे आणि तो सराव मुलांना संस्थेतच मिळाला पाहिजे. म्हणजे गाडी बिघडली की टो करून पनवेल-वाशी गाठायची वेळ येणार नाही, आणि गावातल्या पोराला गावातच काम मिळेल. पंचायत समितीच्या सदस्यांनी हा विषय लावून धरला तर लोक दुवा देतील.

बैल दुखावला तर बसतो, डोळ्यांतून पाणी काढतो, आपल्याला कळते. मोटार मुकी. ती फक्त सकाळी क्षणभर खळखळते. ते ऐकायला आपले कान जागे पाहिजेत. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी ऑइलची पट्टी एकदा काढून बघा, एवढेच सांगणे.