प्लॉट आपला, मग झाडं कुणाची?

पाऊस तोंडावर आलाय. राब भाजून झाले, आता नांगर निघतील. अशा वेळी प्रत्येक पाड्यावरून आम्हाला एकच गोष्ट विचारली जाते: प्लॉटवरची झाडं ठेवायची का काढायची?

सवाल साधा वाटतो, पण तसा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या प्लॉटवरची किती झाडं गेली ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी मोजावं. कुणी मोहाची साल गोल काढून झाड उभंच वाळवलं. कुणी ऐनाच्या बुडाशी पाला पेटवला. कुणी पळसाचं, काकडाचं रोप दिसलं की कोयत्यानं उडवलं. विचारलं तर सगळे एकच सांगतात, "झाडं दिसली तर साहेब म्हणेल हे शेत नाय, जंगलच हाय. दावा जाईल."

इथे आम्हाला आधी आमची चूक कबूल केली पाहिजे. दाव्यांच्या धावपळीत आम्हीच पाड्यापाड्यावर सांगत फिरलो, की जमीन कसलेली दिसली पाहिजे. त्याचा अर्थ लोकांनी झाडं नको असा घेतला, आणि आम्ही वेळेवर थांबवलं नाही. म्हणून आज उघड लिहितो. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे आणि पोटासाठी स्वतः कसत असलं पाहिजे, असं त्यात आहे. जमिनीवर झाड नसावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. नकाशावर हिरवं दिसतं म्हणून दावा फेटाळला, असं कुणी सांगितलं तर तेही चालणार नाही. २०१२ ला नियम सुधारले, त्यात साफ म्हटलंय की उपग्रहाचा फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचा. तोच एकटा पुरावा धरायचा नाही.

उलट झाड हाच पुरावा आहे. सामूहिक दाव्यासाठी नियमात कंदमुळं, रानफळं गोळा करायच्या जागा धरल्या आहेत. देवाची झाडं आणि देवराई धरली आहे. वाघदेवाच्या जागेवरचं झाड, जिथे आपण वाघबारशीला जातो, ते तोडणारा माणूस आपल्याच दाव्यातलं एक पान फाडतो.

आता लांबची एक गोष्ट सांगतो. बोईसर स्टेशनबाहेर पोरं चॉकलेट घेतात. ते कोको नावाच्या झाडाच्या बियांचं होतं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेच्या दाट रानातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्रात ते नारळ-सुपारीच्या सावलीत लावतात. जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि पिकवणारे बहुतेक आपल्यासारखेच थोड्या जमिनीवाले.

तिथले जुने लोक रान साफ करताना मोठी झाडं राखत आणि त्यांच्या खाली कोको लावत. पुढे उन्हात चालणारं नवीन वाण आलं. सावली काढा, पीक लवकर आणि जास्त येईल, असा सल्ला मिळाला. आलंही, पण पहिली काही वर्षं. मग जमीन थकली, खत-औषधाचा खर्च वाढला आणि बाग लवकर म्हातारी झाली.

खरी गंमत पुढे आहे. घानाच्या कायद्यात आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड शेतकऱ्याच्या बागेत असलं तरी सरकारचं धरतात. लाकडाचा परवाना कंपनीला. कंपनीची माणसं येतात, झाड पाडतात, त्याखाली कोको मोडतो, आणि शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. मग शेतकरी काय करतो? असं रोप दिसलं की लहान असतानाच उपटून टाकतो. रान त्याच्या हातानं संपतं आणि दोषही त्यालाच लागतो. खरं कारण कायद्यात बसलेलं असतं.

हे वाचून आपलं काही आठवत नाही का? झाड वाढवलं तर पकडतील, म्हणून झाड मारायचं. तीच भीती आणि तोच कोयता.

तिकडेच कॅमेरून देशात मात्र पुष्कळ लोकांनी कोकोच्या बागेत फळाची, तेलाची, औषधाची झाडं राखली. कोकोचा भाव पडला की ती झाडं घर चालवतात. त्यांना हे कुणी शिकवायला गेलं नव्हतं. आपल्या डोकऱ्यांनाही कुणी शिकवलं नाही.

आपलं वर्ष बघा. होळीच्या पुढे मोहाची फुलं. मग करवंदं, टेंभुर्णीची फळं, जांभळं. पावसाच्या आधी मोहट्या, त्याचं तेल घरात. पहिला पाऊस पडला की झाडाखालच्या ओल्या पाल्यातून शेवळं वर येतात. शेवळाची भाजी खाजरी, म्हणून बाया त्यात काकडाची फळं टाकतात. बोईसरच्या बाजारातही शेवळाच्या जुडीबरोबर काकडं द्यावी लागतात, नाहीतर गिऱ्हाईक घेत नाही. आता ज्यानं बांधावरचा काकड तोडला, त्यानं शेवळाची भाजीपण घालवली. पावसात इरल्याला पळसाची पानं. थंडीत आवळा, चिंच, हिरडा, बेहडा. एक झाड गेलं की त्याच्याबरोबर एक महिना जातो. असे महिने गेले की दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम आपल्याला स्वस्तात उचलतो, नाहीतर तारापूरच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली उभं राहावं लागतं.

कुणी म्हणेल, झाडाखाली भात पोचट राहतो. खरं आहे. पण आपल्या लोकांनी झाडं भाताच्या खाचरात कधी ठेवली? ती बांधावर आणि वरकसावर. ऐन छाटायचा, त्याचा पाला राबाला न्यायचा, म्हणजे सावलीही हलकी होते आणि रोपालाही जोर येतो. झाड जिवंत ठेवून छाटणं ही आपली विद्या आहे. इंग्रजांच्या जंगल खात्यानं याच राबावर बंदी-बंधनं घातली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. ज्या फांदीसाठी आपले पूर्वज भांडले, ते झाडच आपण बुडातून काढायचं?

दुसरा धोका फुकट रोपांचा. योजनेवाले येतात, आंब्या-काजूची कलमं देतात. घ्या, आमची मनाई नाही. कलमानं चार पैसे येतात हेही खरं. पण कलमाचे खड्डे मारायला आधी सगळं रान साफ करू नका. वाडीच्या चांगल्या योजनेत बांधावर रानझाडं लावायला सांगितलेलंच असतं. ते कागदावर राहतं, कारण आपण मागत नाही. समुद्राकडे डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा बघा. नाव मोठं, २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बागेत एकच झाड, त्यामुळे बी पोखरणारी अळी आली, पावसात बुरशीनं फळ गळलं, की पूर्ण बागेला एकदम फटका. बागाईतदार एक वर्ष कर्ज काढून तगतो. आपल्याला कोण उभं करतं?

तिसरा धोका ठेकेदाराचा. तो मे महिन्यात येतो, उभ्या झाडाला हात लावून म्हणतो, परवानगीचं मी बघतो, तू अंगठा दे. आदिवासी खातेदाराची झाडं व्यापाऱ्यानं अशी परस्पर लुटू नयेत म्हणूनच १९६९ ला वेगळा कायदा झाला. तोडीला परवानगी लागते ती १९६४ च्या कायद्यानं. ठेकेदार लाकूड घेऊन जातो आणि केस आपल्यावर राहते. हा धंदा आता बंद झाला पाहिजे.

पण लोकांनी झाडं राखावीत असं नुसतं सांगून भागणार नाही. घानाचा शेतकरी मूर्ख नव्हता, आपला माणूसही नाही. झाड राखणाऱ्याचा झाडावर हक्क दिसला तरच तो राखेल. वनहक्क कायद्यानं मोहफुलं, मध, लाख, बांबू, तेंदूपानं, औषधी मुळ्या अशा गौण उपजावर आपली मालकी मान्य केली आहे. इमारती लाकूड त्यात येत नाही. म्हणून आपली सरकारकडे मागणी: पट्ट्याबरोबर प्लॉटवरच्या झाडांची जातवार नोंद घ्या, आणि ती राखणाऱ्या नवरा-बायकोचा हक्क लिहून द्या. पट्टा दोघांच्या नावावर असतो, तर झाडांची नोंदही दोघांच्या नावावर पाहिजे. सरपणाला रोज लांब चालते ती बाईच.

पेरणी उरकली की प्रत्येक पाड्यानं एवढं करावं:

१. पाड्याची बैठक घ्या. डोकरे-डोकरी, बाया, पोरं सगळे पाहिजेत. प्रत्येक प्लॉटवर कोणती झाडं, किती, ती वहीत लिहा. झाडाचं नाव आपल्या भाषेत लिहा.

२. गावातून कोणतं झाड नाहीसं झालं, ते डोकऱ्यांना विचारा. त्याचं बी कुठे मिळेल तेही विचारा.

३. ग्रामसभेत ठराव करा: पाड्याला विचारल्याशिवाय उभं झाड कुणी विकणार नाही. कायद्याच्या कलम ५ नं जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, तो ठरावात लिहा.

४. आपोआप उगवलेलं रोप नांगराआड आलं तर मारू नका, उचलून बांधावर लावा. दर बांधावर निदान पाच जातींची झाडं पाहिजेत.

५. ठरावाची आणि वहीची एक प्रत आमच्याकडे पाठवा. सगळ्या पाड्यांच्या वह्या एकत्र करून आपण प्रांत कचेरीवर जाऊ.

ज्यांनी झाडं तोडली त्यांच्यावर आमचा राग नाही. भीतीनं तोडली, आणि ती भीती घालवायला आम्ही कमी पडलो. पण उद्या कुणी साहेब प्लॉटवर उभा राहून विचारेल, हे जंगल का शेत? तेव्हा मान खाली घालू नका. सांगा, साहेब, शेतपण आमचं आणि जंगलपण आम्हीच राखलंय, ही बघा वही.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!