विश्लेषण : शोरूम गेली, ॲप आले, लोणी काळभोरचा टीव्ही-फ्रिजवाला नेमका कुठे कमी पडला?

लोणी स्टेशन चौकातून सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघाले, की दहा-बारा किलोमीटरच्या आत खरेदीच्या तीन पिढ्या दिसतात. आधी गावातले दुकान. एकाच गाळ्यात टीव्ही, फ्रिज, पंखे, मिक्सर आणि पुढच्या पायरीवर कुलर. पुढे हडपसर-मगरपट्ट्यातले मॉल आणि चकचकीत शोरूम. आणि या दोन्हींच्या मधून कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर फाट्याकडे खोकी घेऊन धावणारा डिलिव्हरीचा टेम्पो.

‘ऑनलाइनमुळे दुकाने बसली’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. कारण ज्या मोठ्या शोरूमच्या धास्तीने पंधरा-वीस वर्षांपूर्वी छोट्या दुकानदारांची झोप उडाली होती, त्यांतली बरीचशी आज स्वतःच शिल्लक नाहीत.

मोठी शोरूम का बुडाली?

‘सुभिक्षा’ आठवत असेल. १९९७ साली चेन्नईत सुरू झालेली ही साखळी किराणा, औषधांबरोबर मोबाइलही विकू लागली आणि देशभर दीड हजारांहून अधिक दुकाने उघडून २००९ च्या सुरुवातीला कोसळली. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनची ‘नेक्स्ट’ शोरूम एकेकाळी गावोगावी होती; मूळ कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एस्सार समूहाचे ‘द मोबाइल स्टोअर’ गेले. ‘ईझोन’ चालवणाऱ्या फ्यूचर समूहातील फ्यूचर रिटेलवर जुलै २०२२ मध्ये तीच वेळ आली.

यांना ऑनलाइनने मारले म्हणावे, तर सुभिक्षा बुडाली तेव्हा फ्लिपकार्ट पुस्तके विकत होते. खरे दुखणे कर्जाचे होते. उधारीच्या पैशावर दुकाने वाढवायची, भाडे आणि पगार मागे लावून घ्यायचे आणि एक-दोन हंगाम फसले की पुरवठादाराचे पैसे थकवायचे, हा त्यातल्या बहुतेकांचा मार्ग होता. याच काळात २००६ मध्ये आलेले क्रोमा आणि २००७ मधले रिलायन्स डिजिटल टिकले, कारण मागे टाटा आणि रिलायन्स होते. १९६७ साली माहीममधल्या छोट्या दुकानातून सुरू झालेले विजय सेल्सही टिकले. म्हणजे मोठे दुकान हा प्रकार संपलेला नाही. दीर्घकाळ कमी नफा सोसण्याची ताकद नसलेले संपले.

अमेरिकेतले एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. सर्किट सिटी ही तिथली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बलाढ्य साखळी. मार्च २००७ मध्ये तिने सुमारे ३,४०० कर्मचारी काढले. कारण काय, तर त्यांचा पगार जास्त होता. पगार जास्त होता कारण ते जुने, माहीतगार होते. त्यांच्या जागी कमी पगाराची नवी माणसे घेतली. मार्च २००९ मध्ये कंपनीचे शेवटचे दुकान बंद झाले. या निर्णयानेच ती बुडाली असे नाही, पण गिऱ्हाईकाला दुकानात यायला उरलेले एक कारण तिने स्वतःच्या हाताने घालवले. तिची स्पर्धक बेस्ट बाय २०१२ मध्ये अशाच संकटात होती. तिने ऑनलाइनइतकाच भाव द्यायला सुरुवात केली, कंपन्यांना दुकानात जागा भाड्याने दिली आणि दुरुस्ती-जोडणीची सेवा धरून ठेवली. ती आजही उभी आहे.

मग गावातल्या दुकानाचे काय झाले?

त्यासाठी २०१४ कडे जावे लागते. फेब्रुवारीत मोटो जी आणि जुलैमध्ये शाओमीचा एमआय ३ हे फोन भारतात आले, ते फक्त फ्लिपकार्टवर. ऑक्टोबरमध्ये पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. लोणीच्या दुकानदाराची पहिली हार भावाने झालीच नाही. गिऱ्हाईक मागत होते तो माल त्याला मिळतच नव्हता.

भावाचा मार नंतर बसला. सणाच्या सेलमध्ये अमुक बँकेच्या कार्डवर दहा टक्के तत्काळ सवलत ही आता सगळ्यांच्या सवयीची गोष्ट झाली आहे. ती सवलत बँक, कंपनी आणि ॲप आपापसांत वाटून घेतात. एका गाळ्याच्या दुकानदारासोबत असा करार करायला कोणती बँक बसेल? मोबाइलवर त्याला सुटतात शेकड्यामागे मोजके रुपये. म्हणजे ॲपवरचा विक्रीभाव कित्येकदा त्याच्या खरेदीभावाच्याही खाली जातो. ‘शेठ, इथं दोन हजारांनी कमी दाखवतंय,’ असे म्हणत पोराने स्क्रीन पुढे केली, की शेठकडे उत्तर नसते. लोकांना वाटते शेठ लुटतो.

ही स्पर्धा सरळ आहे का, हा प्रश्न सरकारदरबारी पडून आहे. परदेशी गुंतवणुकीच्या ई-कॉमर्स कंपन्यांनी विशिष्ट माल फक्त आपल्याच मंचावर विकण्याची सक्ती करू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. तपास अहवाल यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याचा ठपका त्यात असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारलेले आहेत आणि नंतर प्रकरण कोर्टकचेरीत गुंतले. चौकशीचा आदेश ते अहवाल यांत साडेचार वर्षे. तेवढ्यात एका दुकानदाराचे भांडवल दोनदा संपते.

संघटित दुकानदारांनी मात्र दबाव आणता येतो हे दाखवले. कमी मार्जिन आणि रखडलेल्या वॉरंटी दाव्यांची तक्रार करत दक्षिणेतील किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने १ मे २०२४ पासून वनप्लसची विक्री थांबवण्याचा इशारा दिला. त्यात महाराष्ट्रासह सहा राज्यांतील सुमारे साडेचार हजार दुकाने होती. पण ही सगळी साखळी दुकाने. लोणी काळभोरच्या एकट्या गाळ्याला कोण विचारणार?

दुकानदारांचे काहीच चुकले नाही?

चुकले. माणूस बघून भाव सांगायची सवय अनेकांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ‘पक्के बिल हवे तर जास्त पडतील’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा गिऱ्हाईक विरळा. वस्तू बिघडली की ‘कंपनीला फोन लावा’ म्हणणारेही होतेच. ॲपने छापील भाव, पक्के बिल आणि माल परत करण्याची सोय दिली, तेव्हा लोक पळाले यात नवल ते काय!

तरीही दुकान बंद होते तेव्हा जाते ते फक्त एक शटर नव्हे. बोअरच्या जड पाण्याने गीझरची कॉइल किती दिवसांत पांढरी पडते, मळ्यातल्या वस्तीवर व्होल्टेज किती खाली जाते, कोणत्या फ्रिजला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय देऊ नये, हे त्या माणसाला ठाऊक असते. ॲपवरच्या चार ताऱ्यांमधून ते कळत नाही. उसाचे बिल आल्यावर देतो म्हणणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा पगाराची स्लिप नसल्याने हप्त्यावर वस्तू न मिळणाऱ्या मजुराला, वहीवर नाव लिहून वस्तू देणारा तोच. या घरांकडे सवलत मिळवून देणारे क्रेडिट कार्डही नसते. स्वस्ताई ज्यांच्यासाठी म्हणून सांगितली जाते, त्यांच्यापर्यंत ती पूर्ण पोहोचतच नाही.

शोरूममधल्या पोरांचाही विचार क्वचित होतो. काउंटरवर टीव्ही समजावून सांगणारा मुलगा बहुतेकदा दुकानाचा नोकर नसतो. टीव्ही कंपनीने एजन्सीमार्फत ठेवलेला असतो. दुकान बंद झाले की त्याची नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. कालचा विक्रेता दुसऱ्या महिन्यात डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेतो.

उपाय अवघड नाही, इच्छा हवी. कंपन्यांनी ॲपला दिलेला भाव आणि मॉडेल त्याच दिवशी वितरकामार्फत छोट्या दुकानालाही द्यावे, आणि बँकेची सवलत दुकानातल्या कार्ड मशिनवरही लागू करावी, एवढी सक्ती करता येण्यासारखी आहे. मग जो हरेल तो स्वतःच्या कर्माने हरेल.

तोपर्यंत खरेदी करणाऱ्याने एक हिशेब पूर्ण मांडावा. एसीचा ऑनलाइन भाव पाहताना जोडणी, तांब्याची जादा पाइप आणि बाहेरचा स्टँड यांचे पैसे त्यात धरले आहेत का, ते बघावे. दोन हजारांचा फरक बऱ्याचदा तिथेच विरतो. मोठ्या शोरूममध्ये ‘वाढीव वॉरंटी’ घेताना कागद कोणाच्या नावाचा आहे हे वाचावे. उत्पादक कंपनीची मूळ वॉरंटी दुकान बंद झाले तरी पक्क्या बिलावर चालते. पण वाढीव वॉरंटी फक्त शोरूमने दिलेली असेल, तर शटर पडल्यावर तो कागद घेऊन जायचे कुठे, हे आधीच विचारलेले बरे. कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.