मागच्या सीटचं हेल्मेट



आखाजी तोंडावर आली. उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या आपल्या घरांत सध्या एकच विषय आहे: गावी कधी निघायचं आणि कशानं? ताप्ती लाइनच्या गाड्यांना गर्दी, सणाच्या दिवसांत बसमध्ये जागा मिळेना, म्हणून आपल्यातले बरेच तरुण सरळ मोटरसायकल काढतात. बायको मागे, बॅग दोघांच्या मध्ये, आणि चला खान्देशात! मीही तेच करत आलो आहे. म्हणून या वेळचा लेख त्या प्रवासाच्या तयारीवर. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आखाजीला बायकोच्या माहेरी, साक्री तालुक्यात गेलो होतो. सुरतेहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. निघण्याआधी मी आठवडाभर तयारी केली. स्वतःसाठी पूर्ण चेहरा झाकणारं चांगलं हेल्मेट घेतलं, जाकीट घेतलं, हातमोजे घेतले. बायकोसाठी घरात एक टोपीसारखं अर्धं हेल्मेट पडलं होतं, रस्त्याच्या कडेला घेतलेलं. तेच तिला दिलं. पट्टा सैल होता. तिनं काही म्हटलं नाही आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

परत येताना सासूबाई म्हणाल्या, "ऊन उतरू द्या, मग निघा." चारला निघालो. सव्वासहाच्या सुमारास सोनगडच्या अलीकडे एका वळणरस्त्यावर खडी पसरलेली होती. समोरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, खडी दिसलीच नाही. वेग फार तर पंचवीस असेल. पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं डाव्या बाजूला पडलो. माझं जाकीट खरचटलं, एवढंच. तिचं हेल्मेट मात्र डोकं जमिनीला लागायच्या आधीच निघून गेलं होतं. भुवईच्या वर सात टाके पडले, सीटी स्कॅन झाला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. आज ती ठणठणीत आहे.

पण ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली, आणि माझं ओरखडाही न पडलेलं हेल्मेट मांडीवर होतं. सासऱ्यांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "तिच्या डोक्यात हेल्मेट होतं ना?" मी "हो" म्हणालो. पुढच्या भेटीत त्यांना खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

हे माझ्या एकट्याच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात हेल्मेट नसलेल्या 50,029 दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यातले 14,337 जण मागे बसलेले होते. म्हणजे दर दहांत जवळजवळ तीन. गाडी त्यांच्या हातात नव्हती, ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. त्यांच्या हातात फक्त हेल्मेट होतं, आणि तेही कोणी दिलं नव्हतं.

सुरतेत फेब्रुवारी 2025 पासून पोलिसांनी हेल्मेटची सक्ती कडक केली, तेव्हा चालवणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागली. मागची डोकी अजून बरीचशी उघडीच असतात. कायदा मात्र दोघांना सारखाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, मग तो पुढे बसो की मागे.

हेल्मेट घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 4151 हा क्रमांक बघा. मग एक साधी परीक्षा करा. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि दुसऱ्याला मागच्या कडेला धरून ते वर आणि पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघालं, तर ते हेल्मेट तुमच्या मापाचं नाही. बायकोचं हेल्मेट तिला दुकानात नेऊनच घ्या. अंबाडा किंवा जाड क्लिप असेल तर ते नीट बसत नाही, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी खाली सैल वेणी बरी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून चांगलं दिसलं तरी, बदलायचं.

आता गाडीकडे बघू. मागे माणूस बसला की गाडीचं गणित बदलतं. चेनच्या कव्हरवर किंवा जवळपास हवेचं स्टिकर असतं. त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे दिलेले असतात. आपण पंपावर "दोन्हीकडे भर" म्हणतो आणि मोकळे होतो. तो आकडा बघून, टायर थंड असताना हवा भरा. मागचा भाग दबला की हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून दोघं गाडीवर बसून लाइट तपासा. ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागतं. ताशी 60 वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 25 मीटर तिथेच संपले.

साडी आणि ओढणी चाकात अडकून होणारे अपघात आपल्याला नवे नाहीत. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी, धरायला कडी आणि पाय ठेवायला आधार, हे तिन्ही नियमानंच बंधनकारक आहे. गाडी छान दिसावी म्हणून जाळी काढून ठेवली असेल, तर ती आजच परत लावा. लांबच्या रस्त्याला साडीपेक्षा सलवार किंवा जीन्स बरी. साडी गावी पोचल्यावर नेसता येते.

रस्त्याबद्दल एक गोष्ट मी पडल्यावर शिकलो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग विसरवाडीपुढे कोंडाईबारी घाट, हा सगळा रस्ता पूर्वेला जातो. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परतताना पुन्हा समोर. म्हणून आता आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, बारडोलीला थांबून चहा आणि पात्रा खातो आणि ऊन जरा वर आलं की पुढे निघतो. परतताना मात्र सकाळीच निघायचं, कारण तेव्हा सूर्य पाठीशी असतो. आपल्याला नीट दिसतं, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं हे विसरायचं नाही. घाटात ट्रकच्या मागे चिकटून चालायचं नाही, आणि अंधार पडल्यावर घाट चढायचाच नाही. सासूबाईंना मी समजावलं, "जेवण आदल्या रात्रीच भरपूर वाढा." त्या हसल्या, आणि आता स्वतःच पहाटे पाचला चहा ठेवतात.

दर तासाला थांबा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. कुठे अपघात दिसला तर 108 ला फोन करा, तो क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीत अडकवता येत नाही, 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात तसं संरक्षण दिलं आहे. आम्हाला त्या दिवशी उचलणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊंचं नावही विचारायचं राहून गेलं.

शेवटी लेकरांबद्दल. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीवर न्यायचं तर हेल्मेट, पट्ट्यांचा हार्नेस आणि ताशी 40 ची मर्यादा असा नियम आहे. महामार्गावर ट्रकांच्या गर्दीत 40 नं चालणंही धोक्याचंच. चार वर्षांवरचं मूल धरून तिघं झालात, तर तो ट्रिपल सीटच. मूल बरोबर असेल तेव्हा बस किंवा नंदुरबारपर्यंत रेल्वे, मग उभं राहून का जावं लागेना.

आमच्या घरात आता एकच नियम आहे. दाराजवळच्या खुंटीवर दोन हेल्मेट टांगलेली असतात, दोन्ही सारख्याच किमतीची. आधी मागच्या सीटचं हेल्मेट चढतं, पट्टा लागतो, आणि मगच मी किल्ली फिरवतो.

आखाजीच्या शुभेच्छा. नीट जा, नीट या.