गिटार सोडू नका, वायर सोडा

सत्तरी ओलांडली की घरातले हळूच सुचवतात, "आता पुरे झालं ते वाजवणं." मला हे मुळीच मान्य नाही. बोटं हलती राहतात, गाणी आठवत राहतात, संध्याकाळ एकट्याने काढायची असली तरी ती बरी जाते. सोडायचीच असेल तर गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जमिनीवर लोळणारी ती पाच-सहा मीटरची काळी वायर सोडावी. आपल्या वयाला खरा धोका तिचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे पासष्टीपुढच्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के माणसं दर वर्षी एकदा तरी पडतात. पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं की पुढचं आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलेलं आहे. आता आपल्या खोलीचा विचार करा. जमिनीवर गुळगुळीत बलाटा, नुकतीच पुसलेली असली तर ओली. डोळ्यांवर दुहेरी नंबरचा चष्मा. त्याच्या खालच्या भागातून पुस्तक छान दिसतं, पण पायाजवळची वायर पुसट दिसते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला खुर्चीतून एकदम उठलं की क्षणभर गरगरतं. त्यात फोन वाजला, दारावर कुणी आलं, किंवा सायरन झाला आणि मोजक्या सेकंदांत ममादमध्ये पोचायचं असलं, तर गळ्यात पट्टा, पट्ट्याला गिटार आणि गिटारला वायर, असा माणूस दावणीला बांधल्यासारखा उठतो. वायर जमिनीला टेपने चिकटवा, असा सल्ला मुलं देतात. चार वेळा फरशी पुसली की त्या टेपची कड उचलली जाते, आणि मग पाय वायरऐवजी टेपमध्ये अडकतो.

वायरलेस म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. अंगठ्याएवढे दोन तुकडे असतात. एक गिटारच्या भोकात बसतो, तो ट्रान्समीटर. दुसरा ॲम्प्लिफायरमध्ये, तो रिसीव्हर. मधली वायर गेली, आवाज रेडिओलहरींवरून जातो. (ज्यांची गिटार साधी लाकडी आहे, पिकअप नाही, त्यांनी हे पान उलटलं तरी चालेल. तुमच्या घरी ही वायरच नाही.)

दुकानदार पहिल्यांदा सांगतो, "हे तीस मीटरवरून चालतं." आपल्याला तीस मीटर कशाला? आपला दिवाणखाना चार पावलांचा. घरात महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात आधी चार्जिंग. सांधे धरलेल्या बोटांनी रोज रात्री बारीक भोकात चार्जरचं टोक घालणं हा वैताग आहे, आणि वैताग आला की माणूस पुन्हा जुनी वायर काढतो. म्हणून ज्याचा ट्रान्समीटर वाजवून झाल्यावर रिसीव्हरमध्येच खोचून ठेवला की आपोआप चार्ज होतो, असा संच मला आवडतो. लाइन सिक्स कंपनीचा रिले जी-१० अशा पद्धतीचा आहे, आणि खोचलेला असताना तो मोकळा चॅनेलही स्वतःच शोधतो. मात्र त्याच्या रिसीव्हरला विजेची जोडणी लागते, म्हणजे भिंतीलगत एक बारीक वायर राहतेच. बॉसच्या डब्ल्यूएल-२० चे दोन्ही तुकडे बॅटरीवर चालतात, पण ते चार्ज करायला वायर लावावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा उशीर. चांगल्या संचात तो पाच-सहा मिलिसेकंदांच्या आत असतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोनेक मीटर जातो, म्हणजे ॲम्प्लिफायर दोन पावलं लांब ठेवल्यासारखंच झालं. पण स्वस्तात मिळतो म्हणून गाणी ऐकायचा साधा ब्लूटूथ जोड घेऊ नका. त्यात तार आत्ता छेडली आणि सूर नंतर आला, असं होतं. तालात वाजवणं अशक्य.

यातले बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे घरच्या वायफायच्याच पट्ट्यात चालतात. रिसीव्हर राउटरच्या शेजारी ठेवू नका. ममादच्या जाड काँक्रीटच्या भिंतीतून लहरी नीट जात नाहीत, तेव्हा आत बसून वाजवायचं तर ॲम्प्लिफायरही आत हवा.

ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी खरेदीआधी कुपत होलिममधल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. सर्वसाधारण सल्ला असा की मोबाइल आणि लोहचुंबक पेसमेकरपासून पंधरा सेंटिमीटर तरी लांब असावेत. ट्रान्समीटरही त्याच हिशेबाने गिटारच्या भोकात असू द्या, सदऱ्याच्या वरच्या खिशात नको. हेडफोनमध्येही लोहचुंबक असतो, म्हणून तो गळ्यात लोंबत ठेवू नये. शेजाऱ्यांसाठी हेडफोन लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: गिटार वायरलेस केली आणि हेडफोनची वायर ॲम्प्लिफायरपासून डोक्यापर्यंत ताणली, तर पैसे वाया गेले. ॲम्प्लिफायर हेडफोनमध्येच असलेले संच मिळतात, ते अशा माणसासाठी बरे.

विजेच्या धक्क्याचंही सांगितलं पाहिजे. वायरने जोडलेल्या गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ते अर्थिंग बिघडलं तर तारांत वीज उतरू शकते. यार्डबर्ड्स या इंग्रजी वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना असाच विजेच्या धक्क्याने गेला. वायरलेसमुळे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यातला हा तांब्याचा दुवा तुटतो. म्हणून बिघडलेला ॲम्प्लिफायर वापरत राहायचा असा अर्थ नाही. जुन्या ॲम्प्लिफायरचा तीन पायांचा प्लग आणि घरचा मफ्सेक पखात हशमलाईकडून तपासून घ्यावा.

ज्यांची खुर्ची आणि ॲम्प्लिफायर शेजारीशेजारी आहेत त्यांना मीटरभराची आखूड वायर पुरते, असं कुणी म्हणेल. स्वस्तातला तो उपाय वाईट नाही. पण तिचं वेटोळं नेमकं खुर्चीच्या पायाशी पडतं, आणि उठताना आपला पहिला पाय तिथेच पडतो. मी तरी वायरलेसच घेईन.

दुकानात जाताना स्वतःची गिटार बरोबर न्या. काही गिटारींचं भोक खोलगट, तिरकं असतं आणि सगळेच ट्रान्समीटर त्यात बसत नाहीत. पिकअपला बॅटरी लागत असेल तर तसं आधीच सांगा; काही स्वस्त संच अशा गिटारीवर गुणगुणतात. कानाचं यंत्र लावत असाल तर ते लावूनच पंधरा मिनिटं बसून वाजवा.