‘साठी’वाल्यांनो, बाजूला व्हा

दोस्तहो, आधी माझी चामडी सोलतो. मग तुमची.

भीमजयंतीचा कार्यक्रम. आमच्याच वस्तीत. मी कविता म्हटली, टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. माझ्यामागनं एका अंध कार्यकर्त्याचा सत्कार होता. पोरांनी त्याला दोन्ही काखांत हात घालून स्टेजवर चढवला, गोदीत पेटारा चढवतात तसा. शाल, नारळ, फोटो. तो माईककडे हात करतोय तोवर निवेदक म्हणाला, वेळ कमी आहे. आणि पेटारा खाली उतरला. राज्यशास्त्र घेऊन एम. ए. झालेला माणूस. लोकलमध्ये मोबाईलची कव्हरं विकतो.

नंतर जिन्यात त्यानं मला गाठलं. म्हणाला, “कवी, तुझ्या कवितेत मी चारदा आलो. आंधळा कायदा, आंधळी व्यवस्था, आंधळे भक्त, आंधळा समाज. चारही वेळा शिवी म्हणून. आपल्या जातीच्या नावानं कुणी अशी शिवी दिली तर तुम्ही त्याचं काय करता रे? जात तर माझीही तीच आहे.”

माझी वाचाच बसली. साला मी शब्दांचा धंदा करतो आणि माझ्या शब्दाखाली कोण चिरडतंय याचा मला पत्ता नाही. तेव्हापासून त्याच्याकडनं ऐकतोय, शोधून शोधून वाचतोय. जे कळलं ते मांडतो.

पहिली गोष्ट. आंधळ्यांच्या दुनियेत दोन प्रकारच्या संस्था असतात. एक अंधांसाठी, दुसरी अंधांची. ‘साठी’ आणि ‘ची’. व्याकरणाचा फरक वाटतो ना? आपल्याला तरी तो वाटायला नको. 1932 साली पुणे करार झाला आणि लगेच अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली. तिचाच पुढे हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. त्यांनी पत्र लिहून काम कसं व्हावं ते सांगितलं. नागरी हक्कांसाठी लढा, म्हणाले. कुणी दाद दिली नाही, ते बाहेर पडले. अस्पृश्यांनी मंडळावर जागा मागितल्या तेव्हा गांधींचं म्हणणं काय? हे स्पृश्यांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा, तेव्हा कारभारही त्यांचाच. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात हे सगळं नोंदवून ठेवलंय. म्हणजे जखम आमची, प्रायश्चित्त तुमचं, आणि खुर्चीही तुमचीच!

अंधांच्या नशिबी हेच. डोळस अध्यक्ष, डोळस खजिनदार, डोळस देणगीदार. अंधानं खुर्ची विणायची. तिच्यावर बसायचं मात्र डोळसानं.

लिपीचीही तीच कथा. लुई ब्रेल स्वतः अंध. पोरवयातच त्यानं सहा ठिपक्यांची लिपी बनवली, 1829 ला छापून दिली. पण शाळा चालवणाऱ्या डोळसांना ती नको होती. कारण काय, तर त्यांना ती वाचता येत नव्हती. 1840 नंतर पॅरिसच्या त्याच अंधशाळेत नव्या संचालकानं तिच्यावर बंदी घातली. पोरं चोरून लिहीत राहिली, शेवटी शाळेला नमावं लागलं. अक्षरावर बंदी कशी असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या बापजाद्यांच्या कानांना ते ठाऊक आहे.

आता ‘ची’वाल्यांकडे या. अमेरिकेत याकोबस टेनब्रोक नावाचा माणूस होऊन गेला. पोरवयात दृष्टी गेली, मोठेपणी कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाला. 1940 साली सात राज्यांतल्या अंधांना घेऊन त्यानं अंधांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला. अंधांच्या वतीनं अंधच बोलतील, हे त्याचं सूत्र. आणि हा माणूस अभ्यास कशाचा करत होता? गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतनं अमेरिकेच्या राज्यघटनेत समता कशी आली त्याचा. त्यावर 1951 ला त्याचं पुस्तक आलं. 1954 च्या ब्राऊन खटल्यात शाळांमधला वर्णभेद मोडायला काळ्यांचे वकील उभे राहिले तेव्हा ज्या संशोधनाचा त्यांना आधार झाला त्यात याचंही होतं. आंधळ्याची लढाई आणि काळ्याची लढाई एकाच टेबलावर लिहिली जात होती. आमच्या टेबलावर अजून नाही.

आपल्याकडे 1970 ला अंधांनी स्वतःचा राष्ट्रीय महासंघ काढला. मागणी काय? काम द्या. 1977 ला केंद्र सरकारनं अपंगांना तीन टक्के राखीव जागा दिल्या, त्यात अंधांना एक. पण कुठे? क आणि ड वर्गात. खालच्या दोन पायऱ्यांवर. पायऱ्यांचं शास्त्र या देशाला कुणी शिकवावं लागत नाही! बरं, तेवढंही हातात पडेना. मग 16 मार्च 1980 ला दिल्लीत अंधांचा मोर्चा पंतप्रधानांच्या घराकडे निघाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्याला लाठी कुठून येतेय ते दिसत नाही, त्याच्या डोक्यावर. त्याच्या हातातली पांढरी काठी रस्ता शोधायची, सरकारच्या हातातली काठी त्याला शोधायची. आणि पुढचं 1981 हे साल संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं. या लाठीमाराची तारीख आपल्यातल्या किती जणांना पाठ आहे? मला नव्हती.

1995 चा कायदा आला. तीन टक्के, त्यात एक अंधांना. मग सरकारी बाबूंनी गंमत केली. ती नीट समजून घ्या, कारण बिंदुनामावलीचा खेळ आपल्याशीही असाच खेळतात. आधी त्यांनी ठरवायचं, अंधाला कुठली पदं जमतील. मग फक्त त्या पदांवर टक्का मोजायचा. समजा हजार जागा भरायच्यात. त्यातल्या शंभरच अंधाला ‘योग्य’ ठरवल्या. शंभराचा एक टक्का म्हणजे एक माणूस. हजाराचा मोजला असता तर दहा. नऊ माणसं गिळली आणि ढेकर नाही! महासंघ कोर्टात गेला. लढणारे वकील एस. के. रुंगटा, स्वतः अंध. दिल्ली हायकोर्टात 2008 ला जिंकले. सरकार गप्प बसलं का? नाही, वर अपिलात गेलं. 8 ऑक्टोबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर टक्का मोजा, आणि तीन महिन्यांत हिशोब करा. कायदा 1995 चा, त्याचा टक्का कसा मोजायचा एवढं ठरायला 2013 उजाडलं. त्या अठरा वर्षांत जे पंचविशीचे होते ते त्रेचाळीस वर्षांचे झाले. त्यांचा अनुशेष कुठल्या रजिस्टरात आहे?

2016 च्या कायद्यानं चार टक्के केले, अंध आणि अल्पदृष्टीचा वाटा एकच राहिला.

आणि शब्दाचं बघा. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधान रेडिओवर म्हणाले, विकलांग नको, दिव्यांग म्हणा. झालं, पाट्या रंगल्या. 2022 ला आपल्या महाराष्ट्रानं खातंसुद्धा काढलं, दिव्यांग कल्याण विभाग. खातं झालं ते बरंच झालं. पण तो शब्द! अपंगांच्या कितीतरी संघटनांनी त्याला विरोध केला, कुणी ऐकला? दोस्तहो, आम्हाला हरिजन म्हणाले होते. देवाची माणसं! देवळात मात्र घेत नव्हते. आता यांना दिव्य म्हणतात, आणि बसच्या पायरीपासून परीक्षेच्या लेखनिकापर्यंत सगळ्यासाठी अर्ज करायला लावतात. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला हे लोक देवाच्या नावावर करतात. माझा मित्र म्हणतो, “मला आंधळा म्हण, अंध म्हण, नावानं हाक मार. माझ्यात दिव्य काही नाही. मला भूक लागते.”

कुणी म्हणेल, हा त्यांचा प्रश्न, आपल्या चळवळीत कशाला? अरे बाबा, मनुस्मृतीचा नववा अध्याय काढा. जन्मांधाला, बहिऱ्याला, मुक्याला बापाच्या संपत्तीत वाटा नाही. त्याच यादीत पतितही आहे. तेव्हा 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे पुस्तक जळलं त्यात आंधळ्याला बेवारस करणारं पानही जळलं. दुसऱ्याच वर्षी, 1928 ला, इंग्रज सरकारनं कायदा करून ही वारसाबंदी काढली. महाभारतात थोरल्या धृतराष्ट्राला डावलून गादी धाकट्याला दिली, कारण तो आंधळा. आणि गावात आजही काय ऐकू येतं? गेल्या जन्मीचं पाप. हेच पाप आमच्याही गळ्यात बांधलं होतं. एकाच कारखान्यातला माल आहे हा.

न्यायाचं तर विचारू नका. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला शतकानुशतकं पुजलं. का, तर न दिसणं म्हणजे निःपक्षपात. पण खरोखर न दिसणारी पोरगी न्यायाधीशाची परीक्षा द्यायला निघाली तर मध्य प्रदेशाच्या नियमात तिला दारच बंद! एका अंध उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राची याचिका झाली. 3 मार्च 2025 ला सुप्रीम कोर्टानं तो नियम उडवला, दिसत नाही म्हणून कुणाला न्यायाधीश होण्यापासून रोखता येणार नाही म्हणाले. त्याच्या आधीच सुप्रीम कोर्टात न्यायदेवतेचा नवा पुतळा आला होता, पट्टी काढलेला. म्हणजे पट्टी बांधलेली मूर्ती चालत होती. आंधळी बाई चालत नव्हती.

आता माझ्या पोटाचं. माझ्या टोळीतल्या एकाच्या डोळ्यात स्लिंगची तार तुटून घुसली. एक डोळा गेला, दुसरा हळूहळू चाललाय. ठेकेदारानं थोडे पैसे हातावर टेकवले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. कायद्यात लिहिलंय, सरकारी आस्थापनेतला माणूस नोकरीत असताना अपंग झाला तर त्याला काढता येत नाही, खाली उतरवता येत नाही. दुसरं काम द्या, पगार तोच ठेवा. चांगला कायदा आहे. पण हा गडी कुणाचा? गोदीचा म्हणावं तर हजेरीपट ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मी कुणाला ओळखत नाही. बापाच्या पिढीत गोदी कामगारांचं बोर्ड होतं, हक्काची हजेरी होती. ते 1994 ला गोदीत विलीन झालं, आणि आता आम्ही ठेक्यावर. खाजगी मालकाला कायदा टक्क्याची सक्ती करत नाही, नुसतं चुचकारतो. तेव्हा नोकरीच ठेक्यावर गेली तर टक्का कशाचा मोजणार? तुमचा, माझा आणि त्याचा, तिघांचा टक्का एकाच भोकातनं गळतोय. म्हणून म्हणतो, ही लढाई दयेची नाही, भाईचाऱ्याचीसुद्धा नंतर. आधी हिशोबाची आहे.

आता तुमची चामडी. हा अंक तुम्ही वाचताय. माझा मित्र वाचू शकत नाही. का? मोबाईल आणि कॉम्प्युटर मजकूर मोठ्यानं वाचतात. त्यातलं एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर 2006 पासून आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध पोरांनी बनवलं. डोळसांचं दान नाही ते. पण आपण अंक जुन्या फाँटात लावतो, युनिकोडमध्ये नाही. पत्रकाचा फोटो काढून फिरवतो. यंत्र ते वाचायला जातं आणि कचरा ओकतं, नाहीतर गप्प बसतं. आमच्यासाठी विहीर बंद होती. आम्ही त्याच्यासाठी पान बंद केलंय. आणि वर क्रांतीच्या गप्पा!

तेव्हा या अंकाच्या संपादकांना, शाखेच्या सगळ्या पोरांना माझं उघड सांगणं आहे.

पुढच्या अंकापासून मजकूर युनिकोडमध्ये लागला पाहिजे, छपाईआधी त्याची फाईल अंध साथींकडे गेली पाहिजे. पत्रकाच्या फोटोबरोबर मजकूरही धाडा. कार्यकारिणीत अंध कार्यकर्ता घ्या, सत्काराला नाही, मतदानाला. राखीव जागांच्या मोर्चात अनुशेषाची मागणी लिहाल तेव्हा अंधांचा अनुशेष त्याच कागदावर लिहा, वेगळ्या चिठ्ठीवर नको. त्यांनी मोर्चा काढला तर मागे चाला. त्यांच्या पुढे झेंडा घेऊन पळू नका. आणि त्यांच्या वतीनं भाषण ठोकायची खाज सुटली तर तोंड मिटा. या लेखालाही हेच लागू. तो छापायच्या आधी मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यानं मला थांबवलं, ती वाक्यं काढली.

ती कविताही मी पुन्हा लिहायला घेतलीय. चारही शब्द खोडले. कायदा आंधळा नाही, त्याला सगळं दिसतं. कुठली नऊ माणसं गिळायची हे त्याला बरोब्बर दिसतं. आंधळ्यांवर हे पाप ढकलू नका.

पुढच्या महिन्यात शाखेची बैठक आहे. अध्यक्षस्थानी तो बसावा असा ठराव मी मांडणार आहे. वेळ कमी आहे असं जो म्हणेल त्याच्याशी गाठ माझ्याशी.

जयभीम.